खोकल्याची बाटली

जोतिबाच्या चैत्र यात्रेत धूळ-गुलाल घशात जातो, पोर खोकते आणि आपण बाटली आणतो. 2025 साली छिंदवाड्याकडे खोकल्याच्या औषधाने मूत्रपिंडे निकामी होऊन 20हून अधिक मुले दगावली. कित्येक नागपूरच्या इस्पितळांत. औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून याच विषाने 14 रुग्ण गेले. ते गोड लागते. जिभेला कळत नाही. कारखान्यात कच्चा माल तपासला, तर ते सापडते. ती तपासणी मागणे आपला हक्क आहे.

सर्दी-खोकला बहुधा आपोआप बरा होतो. दोन वर्षांखालील मुलास असले औषध देऊच नये, पाचांखालील मुलास सहसा नको. थोरांनीही मापानेच घ्यावे. औषधानंतर लघवी कमी झाली, तर तात्काळ इस्पितळ गाठावे.