खोकल्याची मुदत

‘खोकलाच तर आहे, जाईल चार दिवसांत,’ हे वाक्य आमच्या साखरखेर्ड्यात मी घरोघरी ऐकतो. सोयाबीनच्या मळणीची धूळ, चुलीचा धूर, दिवाळीनंतरची थंडी. कारणे हाताशीच असतात. अडुळसा, हळद-दूधही असतेच. त्याने घशाला बरे वाटते. छाती का दुखते, ते मात्र कळत नाही.

खोकून खोकून बरगड्यांचे स्नायू आंबतात. ते दुखणे दाबल्यावर वाढते. श्वास घेताना सुरी खुपसल्यासारखी कळ येते आणि ताप असतो, तेव्हा न्यूमोनियाची शंका घ्यावी. छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटले, कळ हातात किंवा जबड्यात गेली, घाम फुटला, तर दुखणे हृदयाचे असू शकते. अशा वेळी, किंवा दम लागला, खोकल्यातून रक्त पडले, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा.

आणि यातले काहीच नसले तरी खोकल्याला मुदत दोनच आठवड्यांची. पुढे थुंकीची तपासणी हवी. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू १८८२ मध्येच दाखवला होता, पण त्यावर औषध नव्हते. आज ते सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. बहुधा सहा महिने घ्यावे लागते. दोन महिन्यांत बरे वाटले म्हणून सोडले, तर रोग उलटतो आणि औषधाला दाद देत नाही.

घरात कुणी खोकत असेल, तर आज कितवा दिवस, तेवढे आधी मोजा.