नव्वद टक्क्यांच्या आत दडलेले विषाणू

एचआयव्ही रोखण्यासाठी थेट प्रतिपिंड टोचण्याच्या मोठ्या प्रयोगाचा निकाल २०२१ च्या सुरुवातीला आला, तेव्हा अनेकांची निराशा झाली. दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे, ब्राझील, पेरू, अमेरिका अशा देशांतले ४,६२३ लोक त्यात सहभागी होते. दर आठ आठवड्यांनी, एकूण दहा वेळा, त्यांच्या शिरेतून ‘व्हीआरसी०१’ हे प्रतिपिंड किंवा नुसते सलाईन सोडले गेले. दोन्ही गटांत लागण होण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही.

याच प्रतिपिंडाने २०१० साली प्रयोगशाळेत एचआयव्हीच्या १९० वाणांपैकी सुमारे नव्वद टक्के वाणांना निष्प्रभ केले होते. मग बिनसले कुठे?

मात्रेत. प्रयोगशाळेत प्रतिपिंडाचा प्रभाव मोजताना विषाणू आणि प्रतिपिंड एकत्र करून खास घडवलेल्या पेशींवर सोडतात. विषाणू आत शिरला की त्या पेशीत काजव्याच्या प्रकाशामागचे विकर तयार होते. उजेड जितका कमी, तितका प्रतिपिंडाचा प्रभाव जास्त. काही वाण मिलिलिटरमागे एक मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी प्रतिपिंडाला नमतात, काहींना त्याच्या कितीतरी पट लागते. नव्वद टक्क्यांच्या त्या हिशेबात मिलिलिटरमागे पन्नास मायक्रोग्रॅमपर्यंत दाद देणारे सगळे वाण धरलेले होते. माणसाच्या रक्तात दोन मात्रांच्या मध्ये प्रतिपिंड सतत ओसरत असते, तिथे हा फरक निर्णायक ठरला.

संशोधकांनी लागण झालेल्यांच्या शरीरातले विषाणू तपासले आणि चित्र पालटले. एका मायक्रोग्रॅमहून कमी मात्रेत ज्यांचा संसर्ग ८० टक्क्यांनी घटतो, अशा संवेदनशील वाणांची लागण प्रतिपिंड घेणाऱ्यांमध्ये सुमारे ७५ टक्क्यांनी कमी होती. म्हणजे उपाय चालत होता! पण त्या प्रदेशांत इतके संवेदनशील वाण जेमतेम तीस टक्के होते. दहा-दहा वेळा शिरेत सुई घेणाऱ्या त्या स्वयंसेवकांमुळेच हे कळले, आणि हे ऋण फार मोठे आहे.

वाणावाणांत एवढा फरक का? विषाणूची जनुकीय नक्कल करणारे विकर चुका करते आणि त्या सुधारत नाही. त्यामुळे पृष्ठभागावरच्या प्रथिनाची ठेवण आणि त्यावरचे शर्करेचे आवरण सतत बदलते. व्हीआरसी०१ जिथे चिकटते, ती पेशीला पकडण्याची जागा विषाणूला फारशी बदलता येत नाही. मात्र भोवतीची वळणे आणि शर्करा बदलून तो तिथली वाट अडवू शकतो. काही वाणांचे प्रथिन सैल, उघडे राहते आणि प्रतिपिंडांना सहज सापडते. प्रयोगशाळेत वाढवलेले अनेक जुने वाण असेच होते. समाजात पसरणारे बहुतेक वाण मात्र मिटलेले असतात.

भारतात दक्षिण आफ्रिकेप्रमाणेच एचआयव्हीचा ‘सी’ हा उपप्रकार सर्वाधिक आढळतो. पण उपप्रकार एकच म्हणून संवेदनशीलता सारखी नसते. ‘सी’मध्येही नमणारे आणि न जुमानणारे वाण आहेत. म्हणून आता विषाणूच्या वेगवेगळ्या जागा पकडणारी दोन-तीन प्रतिपिंडे एकत्र देऊन पाहिली जात आहेत. एकाला चुकवणारा वाण दुसऱ्याच्या तावडीत सापडावा, हा त्यामागचा विचार.