सगळ्यांत मागच्याची चाल
लेखमाला : पायथ्यापासून (भाग ४)

पोळा सरला, शेतातली कामं थोडी हलकी झाली, की पाचोऱ्यात ओळखीपाळखीचे लोक विचारायला लागतात, "या रविवारी कुठं?" जळगाव, चाळीसगाव, पाचोरा इथले हौशी ग्रुप याच सुमारास ट्रेकचे बेत आखतात. मागच्या तीन भागांत आपण अजिंठ्याची डोंगररांग, तिथले किल्ले आणि लेणी पाहिली. त्यावर अनेक वाचकांनी एकच गोष्ट विचारली : जायचं तर आहे, पण ग्रुपबरोबर कधी गेलो नाही, तयारी काय करायची?

आपलं गाव काळ्या मातीच्या सपाटीवर वसलेलं. चढ म्हणून पायाखाली येतो तो फार तर जिन्याचा. तरी डोंगर आपल्याला परका नाही. पी.जे.ची, म्हणजे पाचोरा-जामनेर रेल्वेची छोटी गाडी 2020 पर्यंत धावत होती, तेव्हा शेंदुर्णीकडे जाताना उजव्या हाताच्या खिडकीत ती निळसर रांग बराच वेळ सोबत करायची. लहानपणी मला वाटायचं, तिथं पोचायला मोठी हिंमत लागत असेल. हिंमत थोडी लागतेच. पण त्याहून जास्त लागतं ते वेगळंच, आणि ते मला फार उशिरा कळलं.

आधी हे, की ग्रुपबरोबरच का जायचं. पुण्या-मुंबईकडच्या नावाजलेल्या किल्ल्यांवर रविवारी जत्रा असते. पाय मुरगळला तर आधार द्यायला दहा माणसं धावतात. आपल्या अंगणातले किल्ले तसे नाहीत. सोयगावजवळचा वेताळवाडी, बनोटीजवळचा सुतोंडा, कन्नड तालुक्यातला अंतूर : इथं दिवसभरात एखादा गुराखी भेटला तरी पुष्कळ. मोबाइलची रेंज खिंडीत जाते आणि माथ्यावर येते. महाराष्ट्रातल्या गिर्यारोहकांनी बचावकार्यासाठी स्वयंसेवकांची साखळी उभी केली आहे, ती मोलाची आहे, पण तिचे बहुतेक हात सह्याद्रीच्या मुख्य धारेजवळ आहेत. इथं पहिली मदत म्हणजे बरोबरचा माणूस आणि पायथ्याच्या वस्तीतली माणसं.

या घाटांतून माणूस कधी एकटा गेलाही नाही. अंतूरच्या वाटेवर निजामशाहीच्या काळातला एक दगडी खांब उभा आहे. त्याच्या बाजूंवर फारसी अक्षरांत वाटांची दिशा कोरली आहे : इकडे चाळीसगाव, इकडे दौलताबाद, इकडे जालना, इकडे बुऱ्हाणपूर. त्या खांबापाशी उभं राहिलं की डोळ्यांसमोर बैलांचे तांडे, व्यापारी, शिपाई येतात. सगळे जथ्यानं निघालेले, कारण घाटात एकट्यादुकट्याचं काही खरं नसे.

आता मुख्य गोष्ट. कुठल्याही बऱ्या ग्रुपमध्ये नाव नोंदवताना एक फॉर्म भरायला देतात किंवा लीडर फोनवर विचारतो : काही आजार? कुठली गोळी सुरू आहे? कशाची ॲलर्जी? आणि आपण सगळे एका सुरात सांगतो, "नाही, काही नाही."

काही वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात आम्ही वेताळवाडीला गेलो होतो. बरोबर एक आप्पा होते, साठीच्या आतबाहेरचे, चालायला तडफदार. त्यांनीही "काही नाही" असंच सांगितलं होतं. पहाटे घरातून निघायची घाई, त्यामुळे रोजची शुगरची गोळी घेतली आणि न्याहारी राहिली. हळद्याच्या घाटाकडच्या बाजूनं आम्ही जंजाळा दरवाजाच्या रोखानं चढत होतो. आप्पा मध्येच थांबले. कपाळावर घाम, हात थंड, आणि विचारलेल्याला उत्तर भलतंच. आम्हाला वाटलं ऊन लागलं. सुदैवानं ग्रुपमध्ये एक नर्सताई होत्या. त्यांनी आप्पांच्या खिशातली गोळ्यांची पट्टी पाहिली आणि लगेच तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायला दिली. पंधरा मिनिटं सावलीत बसवलं. पुन्हा थोडी साखर, मग केळं, मग अर्धी दशमी. हळूहळू नजर जागेवर आली, बोलणं सरळ झालं. माणूस शुद्धीत होता, गिळता येत होतं, म्हणून हे जमलं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नसतं.

आम्ही त्या दिवशी बालेकिल्ला न पाहताच उतरलो. गाडीत आप्पा मला हळूच म्हणाले, "सांगितलं असतं तर यादीतून नाव काढलं असतं रे." मला त्यांचा राग आला नाही. माझ्या पहिल्या ट्रेकला मीही गुडघ्याचं जुनं दुखणं याच भीतीनं लपवलं होतं आणि उतरताना दोन पोरांच्या खांद्यावर हात टाकून आलो होतो.

म्हणून मी नव्या माणसाला बुटांच्या आधी हे सांगतो. लीडरला खरं सांगा. दमा, बीपी, शुगर, फिट येण्याचा त्रास, उंचीची भीती, अलीकडचं ऑपरेशन. चारचौघांत सांगायचं नसेल तर आदल्या दिवशी फोन करून सांगा : "दादा, मला शुगरची गोळी सुरू आहे, ती आणि खडीसाखर सॅकच्या वरच्या कप्प्यात आहे." एवढं एक वाक्य पुरतं. चांगला लीडर हे ऐकून नाव काढत नाही. तो न्याहारीची वेळ ठरवतो, तुम्हाला पुढच्या चौघांत चालायला लावतो. जो खरं ऐकून घ्यायला तयार नसेल, त्याच्याबरोबर जाऊच नका. आणि पन्नाशी ओलांडलेली असेल, छातीत कधी दुखलं असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाव नोंदवू नका.

पायांची तयारी त्या मानानं सोपी आहे, पण तिला पाच-सहा आठवडे द्यावे लागतात. आपल्याकडे चालण्याची परंपरा मोठी आहे. चैत्रात खान्देशातून हजारो माणसं वणीच्या सप्तशृंगीला पायी जातात. मुक्ताईची पालखी थेट पंढरपूर गाठते. "आम्ही वणीला चालत गेलेलो आहोत," असं सांगणारे बरेच भेटतात, आणि त्यांच्या पायांत बळ असतं यात शंका नाही. फक्त दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पदयात्रेच्या रस्त्यावर पावलोपावली पाणी, चहा, फराळ घेऊन लोक उभे असतात. अजिंठ्याच्या धारेवर कोणी उभं नसतं. आणि सडकेवरची चाल उताराची सवय लावत नाही. चढताना दम लागतो, तो थांबलं की बसतो. उतरताना मात्र मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार पेलत असतो. त्याची सवय नसली की अर्ध्या उतारावर मांड्या थरथरायला लागतात, गुडघ्यावर भार येतो आणि मुरमाच्या घसाऱ्यावर पाय सुटतो. म्हणून पाचोऱ्यातल्या माणसानं जिना धरावा. तीन मजल्यांची कुठलीही इमारत चालेल. पहिल्या आठवड्यात रिकाम्या हातानं पाच फेऱ्या, मग पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक घेऊन वाढवत न्यायच्या, आणि उतरताना मुद्दाम सावकाश, प्रत्येक पायरीवर पूर्ण पाऊल टेकवून. आठवड्यातून एकदा सलग आठ-दहा किलोमीटर चाल, तीही ट्रेकला घालायचे तेच बूट घालून.

चालीचा हिशेब कसा करायचा, यासाठी एक जुना आडाखा फार उपयोगी आहे. 1892 साली विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं तो मांडला : सपाटीवर तीन मैलांना एक तास, आणि दर 2,000 फूट चढाईला आणखी एक तास. आपल्या मापात साधारण पाच किलोमीटरला एक तास आणि 600 मीटर चढाईला एक तास. म्हणजे सहा किलोमीटरची वाट आणि 300 मीटर चढ असेल तर एक तास बेचाळीस मिनिटं. हा झाला एकट्या, सरावलेल्या माणसाचा वेळ. वीस-पंचवीस नव्या माणसांच्या ग्रुपला मी याच्या दुप्पट धरतो. कारण ग्रुपचा वेग पुढच्याच्या पायांवर ठरत नाही, तो सगळ्यांत मागच्याच्या पायांवर ठरतो. प्रत्येक ग्रुपमध्ये एक अनुभवी माणूस मुद्दाम शेवटी चालतो, त्याला स्वीपर म्हणतात. त्याच्या मागं कोणी राहायचं नाही हा नियम. लघवीला थांबायचं असलं तरी त्याला सांगून. आणि पुढं पळणाऱ्यांनी फाट्यावर थांबायचं. ढोरवाटा इतक्या फुटलेल्या असतात की मागचा माणूस सहज चुकतो.

वेगवान तरुणांना हे जड जातं, मला माहीत आहे. पण मागचा धापा टाकत पोचतो तेव्हा पुढचे विश्रांती संपवून उठतात, आणि त्याला बसायलाच मिळत नाही. सगळ्यांत दमलेल्याला सगळ्यांत कमी विसावा. मागचा आला की पुढच्यांनी आणखी पाच मिनिटं बसून राहावं. एवढं एक पाळलं तरी ट्रेक बदलतो.

सामानाबद्दल थोडक्यात. बूट घट्ट पकडीच्या तळव्याचे. 'ॲक्शन ट्रेकिंग'सारखे साधे बूट घालून मराठी पोरांनी वर्षानुवर्षं सह्याद्री पालथा घातला आहे, त्यामुळे महागाची गरज नाही. मात्र नवेकोरे बूट थेट डोंगरावर नकोत. नखं कापलेली, मोजे सुती-जाड, एक जोड जादा. जीन्स नको, भिजली की जड होते आणि मांडी काचते. पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, लहानसा टॉर्च, शिटी. पाणी ऑक्टोबरात माणशी तीन लिटर. किल्ल्यावर टाकी आहेत म्हणून कमी नेऊ नका, टाक्यातलं पाणी पिण्याजोगं असेलच असं नाही. घामावाटे मीठही जातं, तेव्हा एका लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून एक बाटली वेगळी ठेवा.

खाण्याच्या बाबतीत मात्र आपल्याला कोणाकडून शिकायची गरज नाही. दशमी आणि शेंगदाण्याची चटणी हा प्रवासासाठीच जन्मलेला डबा आहे : दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, शेंगदाणा पोटाला धरून ठेवतो. वर जळगावची दोन केळी. पाकिटातली बिस्किटं आणि चिप्स यांच्यापेक्षा हा डबा कितीतरी सरस, आणि मागं प्लॅस्टिक उरत नाही. अत्तर आणि बॉडी स्प्रे मात्र घरी ठेवा. या रांगेतल्या कड्यांना, दरवाजांच्या कमानींना आग्या मोहोळं असतात. उग्र वास, धूर आणि आरडाओरडा यांनी ती उठतात. मोहोळाखालून जाताना गप्प, शिस्तीत, विडी-सिगरेट न पेटवता.

एका विषयावर ग्रुपमध्ये कोणी बोलत नाही, म्हणून इथं लिहितो. पाचोऱ्यातल्या अनेक मुली आणि मावशी यायला तयार असतात, पण विचारायचं कसं, यात अडतात : वाटेत बाथरूमचं काय? पाळीच्या दिवसांत काय? ट्रेकच्या आदल्या दिवशी लीडरनं, शक्यतो ग्रुपमधल्या एखाद्या ताईनं, स्वतःहून सांगावं की शेवटची सोय कुठल्या गावात आहे, वर कुठं आडोसा आहे, आणि वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून पिशवीत घालून परत आणायचं आहे. बाई पाणी पिणं टाळते ती याच एका अडचणीपायी, आणि मग दुपारी तिला चक्कर येते. आम्ही हे बोलायला लागल्यापासून आमच्या ग्रुपमध्ये बायकांची संख्या वाढली.

तुम्हालाही लीडरला विचारायचा हक्क आहे. ही वाट त्यानं स्वतः या मोसमात केली आहे का? एकूण माणसं किती, अनुभवी किती? प्रथमोपचाराची पेटी कोणाच्या सॅकमध्ये? अंधार पडला तर काय? पायथ्याच्या गावात कोणाला कळवलं आहे? महाराष्ट्र सरकारनं 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानुसार पैसे घेऊन असे उपक्रम नेणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. नोंदणी विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे. जाण्यापूर्वी घरी कागदावर लिहून ठेवा : कुठला किल्ला, कुठल्या वाटेनं, लीडरचा नंबर, परतायची वेळ. संकटात 112, रुग्णवाहिकेला 108.

पहिला ट्रेक कुठला, असं कोणी विचारलं तर मी चाळीसगावजवळचं पाटणादेवी सुचवतो. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवानं मठ काढल्याचं सांगणारा शिलालेख याच पाटण्याचा. मंदिर, वर कण्हेरगड, वाटेत लेणी. थकवा आला तर अर्ध्यातून परतता येतं, आणि पायथ्याला माणसांचा वावर असतो. गौताळा अभयारण्याचा हा भाग आहे, तेव्हा वन खात्याच्या नाक्यावर नोंद करूनच आत जायचं.

आप्पा पुढच्या वर्षी पाटणादेवीला आले होते. सकाळी गाडीत बसल्या बसल्या त्यांनी डबा उघडला, सगळ्यांदेखत अर्धी दशमी खाल्ली आणि मग गोळी घेतली. कण्हेरगडाच्या चढावर ते स्वीपरच्या एक पाऊल पुढं, आपल्या चालीनं चालत होते. शेजारून एक नवा पोरगा घाईनं पुढं निघाला, तर त्याला थांबवून म्हणाले, "पानी लिधं का रे भाऊ?"