शून्याची रुंदी किती?

सायखेड्याच्या बाजारातली कांद्याची पावती डोळ्यांपुढे आणू. समजा, तिच्यावर एकच अंक मावेल अशा चौकटी आहेत आणि आपण पहिलीवर चार शून्यांचा शिक्का मारला. पुढच्या तीन चौकटींतले आकडे शिक्क्याखाली गेलेच! संगणकाच्या स्मृतीतही असेच घडू शकते.

लिनक्स या १९९१ साली सुरू झालेल्या प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, 'पुट_युजर' नावाचा मॅक्रो आहे. आपण दिलेली किंमत तो वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमच्या स्मृतीत, दिलेल्या पत्त्यावर लिहितो.

आता किंमत म्हणून नुसते ० दिले तर? सी भाषेत हा स्थिरांक 'इंट' प्रकारचा असतो. आजच्या बहुतेक संगणकांवर तो ४ बाइट व्यापतो. जागा १ बाइटचीच असेल, तर शेजारच्या ३ बाइटांतली माहिती नष्ट होईल. म्हणून मॅक्रो रुंदी ठरवतो ती किमतीवरून नव्हे, पत्त्याच्या प्रकारावरून. त्या प्रकारचा तात्पुरता चल घेऊन तो किंमत त्यात ठेवतो आणि तेवढेच बाइट लिहितो.

शेजारी वाचला, पण किंमत? चिन्हरहित १ बाइटात ० ते २५५ एवढेच मावते. ३०० दिले, तर २५६ वजा होऊन ४४ उरतात. ती काळजी लिहिणाऱ्यानेच घ्यायची. चौकटींचा कागद घेऊन वर्गात हे जरूर करून पाहू या.