कारवानी कुत्रा स्वतःहून का थांबत नाही?

मुरुम हे धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातले, कर्नाटकाच्या सीमेजवळचे गाव. या भागात आणि पुढे सोलापूर, लातूरकडे मेंढ्यांच्या कळपामागे किंवा शेतातल्या गोठ्याशी एक वेगळाच कुत्रा दिसतो. तोंड लांबट, पाय उंच व बारीक, छाती खोल, पोट पाठीला लागलेले आणि फासळ्या मोजता येतील असा. वर्गातला एखादा मुलगा हमखास विचारतो, "गुरुजी, हा उपाशी आहे का?"

प्रश्न चांगला आहे. उत्तर असे की तो उपाशी नाही, त्याची ठेवणच तशी आहे. हा कारवानी कुत्रा. कानांवर व शेपटीवर लांब रेशमी केस असले तर त्याला पश्मी म्हणतात. नैर्ऋत्येकडे मुधोळ संस्थानात घोरपडे राजांनी याच वंशाची जोपासना केली आणि तो 'मुधोळ हाउंड' या नावाने प्रसिद्ध झाला. जानेवारी 2005 मध्ये टपाल खात्याने त्याचे तिकीटही काढले. इंग्लंडचा ग्रेहाउंड, अरबस्तानचा सालुकी आणि आपला कारवानी हे सगळे नजरेने शिकार हेरून वेगाने गाठणारे कुत्रे आहेत. वास काढत मागोवा घेणे हे त्यांचे काम नव्हे.

पळण्यासाठी यांचे शरीर कसे घडले आहे, याचा सर्वाधिक अभ्यास ग्रेहाउंडवर झाला आहे. त्याच्या वजनात निम्म्याहून अधिक वाटा स्नायूंचा असतो, चरबी नाममात्र असते. हृदय शरीराच्या मानाने मोठे असते. रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण इतर कुत्र्यांत साधारण 40 ते 50 टक्के, तर ग्रेहाउंडमध्ये 50 ते 60 टक्के असते. पळताना प्लीहा आकुंचन पावून साठवलेल्या पेशी रक्तात सोडते, तेव्हा ते आणखी वाढते. भरधाव घोड्याचे चारही पाय एका ढांगेत एकदाच जमिनीपासून सुटलेले असतात. या कुत्र्याचे दोनदा सुटतात. एकदा पाय पोटाखाली गोळा झालेले असताना आणि एकदा पुढेमागे पूर्ण ताणलेले असताना. पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सरळ होतो. एक ढांग सुमारे 5 मीटरची, सेकंदाला साडेतीन ढांगा. गुणाकार केला की सेकंदाला 17 मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी 60 किलोमीटरहून थोडा अधिक वेग येतो. आपला कारवानी याच घडणीचा आहे, वेगात काहीसा मागे.

परंतु हा वेग अर्ध्या मिनिटाचा आहे. माळावर ससा उठला की तेवढ्या वेळात तो सापडतो किंवा निसटतो आणि पाठलाग तिथेच संपतो. (सशाची शिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे मुलांना आवर्जून सांगावे.) कुठे थांबायचे हे कुत्र्याला ठरवावेच लागत नव्हते, ते ससा ठरवत असे. शर्यतीत नेमकी हीच गोष्ट बदलते.

1919 मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातील एमरीव्हिल येथे ओवेन पॅट्रिक स्मिथ यांनी रुळावरून पळणारा यांत्रिक ससा वापरून कुत्र्यांच्या शर्यतीचे मैदान सुरू केले. 24 जुलै 1926 रोजी इंग्लंडमध्ये मँचेस्टरला तशीच शर्यत झाली आणि हा खेळ जुगारासह जगभर पसरला. यांत्रिक ससा कधी सापडत नाही आणि कधी निसटतही नाही. तो चालवणाऱ्या माणसाच्या मर्जीने कायम चार हात पुढे राहतो. धाप लागली, पाय दुखावला, तरी नजरेसमोर काहीतरी पळते आहे तोवर कुत्रा पळतच राहतो. याला पुष्कळजण 'आवडीने पळतो' म्हणतात. ते खोटे नाही, पण अपुरे आहे.

शर्यतीचे मैदान लंबवर्तुळाकार असते आणि तिथे दुसरा प्रश्न उभा राहतो, तो वळणाचा. दहावीच्या मुलांना हे गणित फळ्यावर करता येईल. वेग 17 मीटर प्रतिसेकंद आणि वळणाची त्रिज्या 22 मीटर धरा. वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागले की अभिकेंद्री त्वरण सुमारे 13 येते, म्हणजे गुरुत्वत्वरणापेक्षाही जास्त. हे त्वरण आडवे आणि वजन उभे. दोन्हींची बेरीज पायथागोरसच्या रीतीने केली तर पायांवरचा भार वजनाच्या दीडपटीहून बराच अधिक निघतो. 2005 मध्ये इंग्लंडमधील अशरवुड व विल्सन यांनी ग्रेहाउंडवर केलेल्या अभ्यासातही वळणावर भार सुमारे 65 टक्क्यांनी वाढतो असे दिसले. गंमत पुढेच आहे. माणूस वळणावर आपोआप वेग कमी करतो, कारण त्याचे पाय तेवढा जादा भार पेलत नाहीत. ग्रेहाउंड वेग कमी करत नाही. त्याला पुढे ढकलणारी ताकद मुख्यतः कंबर, मांड्या व पाठ यांतून येते आणि पाय फक्त भार तोलतात, सायकलस्वारासारखे. भार वाढला म्हणून त्याचे इंजिन मंदावत नाही. हाड मात्र हाडच असते.

याचा पुरावा पशुवैद्यांच्या नोंदींत आहे. शर्यती बहुतेक ठिकाणी घड्याळाच्या उलट दिशेने होतात आणि घोट्यातील लहान हाडे मोडण्याचा प्रकार ठळकपणे मागच्या उजव्या पायात, म्हणजे वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या पायात आढळतो. दोष कुत्र्यात असता तर दोन्ही पाय सारखेच मोडले असते. शिवाय सहा-आठ कुत्रे एकाच वेळी आतल्या कडेला झेपावतात आणि एकमेकांवर आदळतात. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या तंत्रज्ञान विद्यापीठातील अभ्यासकांनी सरळ मैदान आणि कमी कुत्रे असावेत अशी शिफारस केली, ती याच कारणांनी.

ब्रिटनमधील नियामक मंडळ 2018 पासून जखमांचे आकडे जाहीर करते. दर शंभर धावांमागे जखमी होण्याचे प्रमाण एकाहून थोडे अधिक आहे. पुष्कळ जखमा किरकोळ असतात. "एक टक्का म्हणजे काहीच नाही" असे कुणी म्हटले तर संभाव्यतेचा तास घ्यावा. एका धावेत सुखरूप राहण्याची शक्यता 0.99 धरली, तर पन्नास धावांत सुखरूप राहण्याची शक्यता 0.99 चा पन्नासावा घात, म्हणजे सुमारे 0.6. दहांतले चार कुत्रे केव्हा ना केव्हा जायबंदी होणार. शर्यतीची उमर सरते चार-पाच वर्षांत, आयुष्य असते बारा-चौदा वर्षांचे. मकावचे मैदान 2018 मध्ये बंद झाले तेव्हा पाचशेहून अधिक कुत्रे मागे उरले आणि त्यांना घरे शोधावी लागली. त्याच वर्षी अमेरिकेतील फ्लोरिडाच्या मतदारांनी या शर्यती बंद करण्याचा कौल दिला. डिसेंबर 2024 मध्ये न्यूझीलंडच्या सरकारनेही तसा निर्णय जाहीर केला.

आपल्याकडे जत्रा-उरुसानिमित्त होणाऱ्या कुत्र्यांच्या शर्यती बहुधा सरळ शेतात होतात. वळणाचा धोका टळतो, पण तुरीचे खुंट, दगडगोटे आणि काळ्या जमिनीच्या भेगा त्याची जागा घेतात. त्याहून मोठा शत्रू ऊन. जत्रा चैत्र-वैशाखातल्या, आणि मुरुमकडे तेव्हा पारा चाळिशी ओलांडतो. कुत्र्याचे नेहमीचे तापमान 38 ते 39 अंश. हवाच त्याच्याहून गरम असेल तर शरीराची उष्णता हवेला जाणार कशी? उलट ती आत येते. घाम त्याला तळपायांखेरीज येत नाही. उरते फक्त जिभेवरचे व नाका-तोंडातले बाष्पीभवन. हिशेब करून पाहा. 20 किलोचा कुत्रा एका अंशाने थंड करायचा तर सुमारे 70 किलोज्यूल उष्णता काढावी लागते (किलोमागे अंशाला 3.5 किलोज्यूल). एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे 2.4 किलोज्यूल जातात. म्हणजे सुमारे 30 मिलिलिटर पाणी केवळ धापा टाकून उडवावे लागते, तेही एका अंशासाठी, आणि एका धावेत तापमान एकदोन अंश सहज चढते. दुपारी लागोपाठ दोन-तीन फेऱ्या लावल्या तर 41 अंशांपुढे जायला वेळ लागत नाही. तिथून उष्माघाताची हद्द सुरू होते. कुत्रा लडखडू लागला, हिरड्या लालभडक झाल्या, तर आधी सावलीत नेऊन अंगभर साधे पाणी ओतावे व वारा घालावा, मग पशुवैद्याकडे न्यावे. ओले पोते अंगावर झाकून ठेवू नये. त्याने वाफ कोंडते.

कायद्याबद्दल पुष्कळ गैरसमज आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये बंद केलेल्या बैलगाडा शर्यतींना महाराष्ट्राने 2017 मध्ये कायदा बदलून मुभा दिली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने ती मान्य केली. ही मुभा बैलगाडा शर्यतींपुरती आहे. कुत्र्यांना 1960 चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा पूर्णपणे लागू आहे, आणि करमणुकीसाठी जिवंत प्राणी आमिष म्हणून बांधणे किंवा एका प्राण्याला दुसऱ्यावर सोडणे हा त्यात स्पष्टपणे गुन्हा आहे.

वर्गासाठी एक सोपा प्रयोग. ज्या मुलांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी तो निवांत बसला असताना छातीचे वरखाली होणे मिनिटभर मोजावे, मग सकाळी सातच्या आत अंगणात चेंडूमागे दोन मिनिटे खेळवून पुन्हा मोजावे आणि श्वास पूर्ववत व्हायला किती मिनिटे लागली ते लिहून ठेवावे. हीच नोंद जानेवारीत आणि एप्रिलमध्ये केली तर आलेख शेजारी शेजारी काढता येतील. दुपारच्या उन्हात हा प्रयोग करू नये.