वैनगंगेच्या खालच्या अंगाला

पावसाळ्यात भंडाऱ्याच्या माणसाला कारध्याची पातळी तोंडपाठ असते. पुलाजवळ वैनगंगा २४५.५० मीटरला टेकली की धोका. हेच पाणी गोसीखुर्दच्या धरणात थांबतं आणि पुढे वडसा, आरमोरी करत गडचिरोली जिल्ह्यात उतरतं. नदी एकच, पण संविधानाची आदिवासी भागांसाठीची पाचवी अनुसूची खालच्या अंगालाच लागू आहे. महाराष्ट्रात अनुसूचित क्षेत्र १३ जिल्ह्यांत आहे. त्यांत गडचिरोली येतो, भंडारा नाही. म्हणून भंडाऱ्यात गोंड आदिवासी नाहीत असं थोडंच आहे!

संविधानात आदिवासींना अशी जागा सगळीकडे मिळत नाही. ऑस्ट्रेलियात कित्येक विद्यापीठांनी तिथल्या आदिवासींच्या घटनात्मक मान्यतेची बाजू उघडपणे घेतली, तरी १४ ऑक्टोबर २०२३च्या सार्वमतात सुमारे ६० टक्के मतं विरोधात पडली. आपल्याकडे मान्यता १९५०पासून आहे, अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६चा पेसा कायदा आहे, आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली देणारा २००६चा वनहक्क कायदाही आहे. अडतं ते अंमलबजावणीत.

२०११मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळं झालेलं गोंडवाना विद्यापीठ मला महत्त्वाचं वाटतं ते याचसाठी. ‘विद्यापीठ आपल्या गावात’ या उपक्रमातून त्याने जांभळीसारख्या गावात पदवीचे वर्ग नेले. शेती-मजुरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी. ग्रामसभांचं प्रशिक्षणही हाती घेतलं. मुंबई विद्यापीठाने आदिवासी विकास विभागाबरोबर सामूहिक वनव्यवस्थापनाचा अभ्यासक्रम चालवला, तोही याच वाटेवरचा.

शिकायचं काय, ते तेंदूची पानं गोळा करायच्या फळीवर पाहावं. ७० पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. पुडे मोजायला गावाला कुणी शिकवावं लागत नाही. पण लिलावाची अट वाचणं, ठेकेदाराशी करारनामा करणं, मजुरी खात्यावर टाकणं, वाहतूक परवान्याची वही सांभाळणं ही कामं ग्रामसभेच्या गळ्यात पडली, तेव्हा कायदा हाती असूनही गावं अडली. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. स्वतःचा बांबू विकण्यासाठी परवान्याची वही हातात पडायला मात्र २७ एप्रिल २०११ उजाडला, आणि त्यासाठी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात यावं लागलं. प्रत्येक गावाला मेंढ्याइतकी चिकाटी आणि तिथल्या देवाजी तोफांसारखा पुढाकार घेणारा माणूस कुठून मिळणार? तिथे विद्यापीठ लागतं.

आता पुन्हा वरच्या अंगाला. वनहक्क कायद्याला अनुसूचित क्षेत्राची अट नाही. जंगलालगतची भंडाऱ्यातली गावंही सामूहिक दावे करू शकतात. गोंडांबरोबर राहणारे ढिवर मात्र इथे अनुसूचित नव्हे, भटक्या जमातींत मोडतात. ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. एवढा जुना कागद घरात कुणाच्या असतो? नियमांनुसार गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो, पण तो कसा नोंदवायचा हे सांगणारं कुणी हवं. नागपूर विद्यापीठाच्या इथल्या महाविद्यालयांना एवढं एक काम सहज जमण्यासारखं आहे.