शेडचा पत्रा: भाव शेवटी विचारा

युनिट टाकायचं ठरलं की आपण मशीनची चार-चार कोटेशन मागवतो. डोक्यावरचा पत्रा मात्र फॅब्रिकेटर सांगेल तो. माझ्या पहिल्या शेडला मीही हेच केलं. एप्रिलात दुपारी दोननंतर मशीनजवळ माणूस थांबेना आणि जूनमध्ये स्क्रूच्या भोकांतून पाणी थेट तयार मालाच्या खोक्यांवर!

उष्ण भागातल्या छतांचे बरेच सल्ले राजस्थानसारख्या वाळवंटी हवेसाठी असतात. ते जसेच्या तसे उचलू नका. नाशिकला पारा चाळिशीला टेकतो, मालेगावकडे त्याच्याही वर जातो, मार्च-एप्रिलात कधी गारा पडतात आणि मग पावसाळा. इगतपुरीला युनिट असेल तर पाऊस हाच मुख्य प्रश्न.

आधी उन्हाचं बघू. उघडा पत्रा दुपारी साठ अंशांच्या पुढे सहज जातो आणि ती धग खाली फेकतो. म्हणून पंखे वाढवून फारसं काही होत नाही. पत्रा पांढरा किंवा फिक्या रंगाचा घ्या, त्याखाली इन्सुलेशन टाका. टर्बो व्हेंटिलेटर विजेशिवाय फिरतो, पण खालून हवा आत यायला जागा नसेल तर तो नुसता शोभेचा.

आता हिशोब. समजा २,००० चौरस फुटांचा गाळा आहे आणि चांगल्या छताला फुटामागे १५ रुपये जास्त लागतात. म्हणजे ३०,००० रुपये. सहा कामगार, तासाला ७५ रुपये मजुरी, उन्हाळ्याचे ६० दिवस रोज एकच तास वाया गेला, तरी २७,००० गेले. एका उन्हाळ्यात! माल खराब झाला तो वेगळाच.

साध्या जीआय पत्र्यावर जस्ताचा थर असतो. गॅल्व्हल्यूमच्या थरात सुमारे ५५ टक्के ॲल्युमिनियम असतं, म्हणून तो सहसा जास्त टिकतो. कलर कोटेड घेताना जाडी विचारा, पण रंग आणि थर धरून की नुसत्या पोलादाची, हेही विचारा आणि बिलावर लिहून घ्या. इथेच बरेच जण फसतात. प्लेटिंगसारखं काम असेल तर ॲसिडची वाफ पत्रा आतून खाते, हे पुरवठादाराला आधीच सांगा. द्राक्षाचं कोल्ड स्टोरेज असेल तर सरळ पफ पॅनेल. सिमेंटचा पत्रा गंजत नाही, पण गारांनी तडकतो.

गळती बहुतेक वेळा पत्र्यातून नाही, स्क्रूपाशी सुरू होते. दहा मीटरचा पोलादी पत्रा ४० अंशांच्या फरकाने जवळजवळ ५ मिलीमीटर लांबतो आणि रात्री पुन्हा आखडतो. रोजच्या या ओढाताणीत भोक मोठं होतं, उन्हाने रबरी वॉशर कडक होऊन चिरतो. स्क्रू अति आवळला तरी वॉशर चेपून फाटतो. भोकं पाडताना उडालेला लोखंडाचा कीस त्याच दिवशी झाडून काढायला सांगा, नाहीतर पहिल्याच पावसात गंजाचे ठिपके.

मेच्या मध्यापर्यंत स्क्रू आणि वॉशर तपासून घ्या, पन्हाळीतला पाला काढा, गंज घासून प्राइमर मारा. पांढरा रंग धुळीने मळला की ऊन परतवत नाही, म्हणून फेब्रुवारीत एकदा छत धुवा.

आणि एक गोष्ट जरा रागावूनच सांगतो. सिमेंटच्या किंवा उजेडासाठी बसवलेल्या पारदर्शक पत्र्यावर कुणालाही पाय ठेवू देऊ नका. तो पत्रा माणसाचं वजन पेलत नाही, माणूस थेट खाली येतो. वर जाणाऱ्याला फळ्या आणि सेफ्टी बेल्ट द्या, काम सकाळी लवकर उरका. "पाच मिनिटांचं तर काम आहे" म्हणणाऱ्याला तर आधी खाली उतरवा.

गाळा भाड्याचा असेल, तर छताची दुरुस्ती कोण करणार आणि गळतीने माल भिजला तर भरपाई कोणाची, हे करारात लिहून घ्या. ॲडव्हान्स देण्याआधी. शक्य झालं तर तो गाळा भर दुपारी जाऊन बघा, सकाळी नको.